अण्णांचा संसार



महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजेच अण्णा, यांचा जन्म १८ एप्रिल १८५८चा, आणि ते गेले ९ नोव्हेंबर १९६२ला. एकशे चार वर्षांचं आयुष्य! त्यांच्याबद्दल बोलायचं म्हटलं की अनाथ बालिकाश्रम, महिला विद्यापीठ, भारतरत्न ही यादी आपसूक तोंडात येते. ती तुम्हाला पाठच असेल. आज बोलायचंय ते अण्णांच्या संसाराबद्दल.

माणूस कमालीचा कष्टाळू. १८७५ साली मुरुडचा हा पोरगा परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेला. शंभरावर मैल. तिथे त्याची चण बघून सांगण्यात आलं, तू काही सतरा वर्षांचा दिसत नाहीस, परीक्षेला बसता येणार नाही. आला तसा परत गेला आणि पुढे कोल्हापूरला जाऊन पास झाला. पुढे मुंबईत तर पहाटे उजाडायच्या आत शिकवण्या सुरू व्हायच्या. मग पत्नी राधाबाई किती वाजता उठत असतील, ते तुम्हीच ठरवा.

१८९१मध्ये राधाबाई वारल्या. मोठा मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. अण्णा त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणित शिकवायला पुण्यात आले, आणि १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. मुरुडकरांनी अण्णांना वाळीत टाकलं. लग्नानंतर गोदूबाई आनंदीबाई झाल्या, पण सगळ्यांच्या तोंडी नाव राहिलं ते बाया.

पुढे १९००मध्ये अनाथ बालिकाश्रम हिंगण्याला हलला. आजचं कर्वेनगर बघून तेव्हाच्या हिंगण्याची कल्पना येणार नाही. माळावर एक झोपडी, धड रस्ता नाही. कॉलेज सुटलं की अण्णा पुण्याहून आश्रमाचं लागेल ते सामान घेऊन पायी निघायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत. तिथे मुलींना शिकवायचे, आणि सकाळी पुन्हा पुण्यात फर्ग्युसनच्या वर्गात हजर!

आणि पुण्यातलं घर? ते बाया चालवत होत्या. पगार बेताचा, त्यातलाही वाटा आश्रमाला. साठवलेले पैसे आश्रमाला. आयुष्याच्या विम्याची पाच हजारांची पॉलिसी, तीसुद्धा अण्णांनी आश्रमाच्या नावे करून टाकली. मुलांच्या आईला हे ऐकून काय वाटलं असेल, याला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

मग अण्णांना कुटुंबवत्सल म्हणायचं का? मी म्हणेन. मुलं शिकली, आपापल्या मतांची झाली. रघुनाथरावांनी संततिनियमनासाठी प्राध्यापकी गमावली, शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई तर मानववंशशास्त्रातलं मोठं नाव. एवढा मोकळेपणा त्या काळी किती घरांत होता? पण हेही म्हणेन, की अण्णांच्या हिशेबात आश्रमातल्या मुली आणि घरातली मुलं एकाच पंगतीला बसलेली होती, आणि वाढणारी मात्र एकटी बाया. त्याचं श्रेय आपण सोयीस्करपणे अण्णांच्या खात्यावर टाकत आलो.

कामाची सवय त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेडोपाडी प्राथमिक शाळा काढायला त्यांनी मंडळ स्थापन केलं आणि पेन्शनीतून दरमहा पैसे घालून स्वतः वर्गणीला हिंडू लागले. या वयात लोक नातवंडांना गोष्टी सांगतात.

दीर्घायुष्य आपण आशीर्वादात सहज देऊन टाकतो. अण्णांना ते मिळालं, त्याची किंमतही पडली. १९५०मध्ये बाया गेल्या, १९५३मध्ये रघुनाथराव. शंभरीला टपाल तिकिटावर अण्णांचं चित्र छापलं गेलं, तेव्हा ते बघायला ही दोघं नव्हती.

अण्णांचं ‘आत्मवृत्त’ पुष्कळांनी वाचलेलं असतं. बायांचं ‘माझे पुराण’ १९४४ साली आलं. वाचनालयात दोन्ही मिळाली, तर आधी बायांचं घ्या.