विरणारा सूर आणि न विरणारा सूर

आवडत्या कलावंताच्या मैफलीस आपण रिकाम्या मनानें कधींच जात नाहीं. त्याच्या जुन्या रचना कानांत घोळत असतात, आणि त्याच त्यानें पुनः ऐकवाव्या असा आपला मूक हट्ट असतो. २००६ सालीं युरोपांतील एका शहरीं जपानचे संगीतकार रिउइची साकामोतो यांना ऐकावयास मी गेलों, तो असाच हट्ट घेऊन.

साकामोतो यांचा जन्म १९५२ सालीं टोकिओ येथें झाला. १९७८ सालीं होसोनो व ताकाहाशी या सोबत्यांसह त्यांनीं ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ काढला आणि विजेच्या वाद्यांवर लोकांना नाचावयास लाविलें. पुढें १९८३ सालच्या ‘मेरी ख्रिसमस मिस्टर लॉरेन्स’ या चित्रपटास त्यांनीं संगीत दिलें. त्यांतील मुख्य धून मला तोंडपाठ होती. तीच ऐकावयाची होती.

पडदा वर गेला तों रंगमंचाच्या एका बाजूस पियानो, दुसऱ्या बाजूस मेजावर संगणक, आणि मागें प्रकाशाच्या रेषा उमटविणारा एक लांब पडदा. मेजापाशीं होते जर्मनीचे कार्स्टेन निकोलाय. ‘आल्व्हा नोटो’ या नांवानें ते संगीत करितात. या जोडीची रीत अशी, कीं साकामोतो यांनीं पियानो वाजवावा आणि निकोलाय यांनीं त्याच्या मुद्रणाचे बारीक तुकडे करून त्यांत यंत्राचे नाद गुंफावे. ‘व्ह्रिऑन’ ही त्यांची पहिली तबकडी २००२ सालची.

खरें सांगतों, प्रथम मला राग आला. पियानोचा एक सुंदर स्वर उठावा आणि लगेच ‘टिक्, टिक्’ असा, ध्वनिवर्धक बिघडल्यासारखा आवाज यावा! हे गृहस्थ मध्येंच कशाला, असें वाटलें.

परंतु अर्ध्या घटकेनें माझे कान हळूहळू बदलले. पियानोच्या तारेवर हातोडी पडली कीं तो स्वर त्याच क्षणापासून विरूं लागतो. सारंगीवाला गजानें स्वर लांबवितो, तसें पियानोवाल्यास करितां येत नाहीं. यंत्राचा स्वर मात्र वीज आहे तोंवर विरत नाहीं. साकामोतो एक स्वर वाजवीत आणि थांबत. तो विझूं लागला कीं निकोलाय यांचा बारीक नाद त्याचें शेवटचें टोंक अलगद हातीं घेई. आपल्याकडे तंबोऱ्याची एक तार विरण्यापूर्वीं दुसरी छेडतात, त्याची मला आठवण झाली. थांबलेले साकामोतो स्वस्थ नव्हते. ते ऐकत होते. इतक्या मोठ्या कलावंतास स्वतःच्या मैफलींत श्रोता झालेला मीं प्रथमच पाहिला. ती आवडती धून त्या रात्रीं वाजली कीं नाहीं, हें आज मला आठवतहि नाहीं!

२०१४ सालीं साकामोतो यांस घशाचा कर्करोग झाला. त्यांतून सावरत असतां ‘द रेव्हनन्ट’ या २०१५ च्या चित्रपटाचें संगीत करावयाचें आलें, तेव्हां त्यांनीं निकोलाय यांनाच सोबत घेतलें. २०१७ सालच्या ‘कोडा’ या चरित्रपटांत, कधींच न विरणाऱ्या स्वराची आपणांस ओढ आहे, असें ते सांगतात. तें ऐकतांच २००६ सालची ती रात्र मला उलगडली. ज्याचा मला राग आला होता, तो सोबती त्यांनीं कां निवडला होता तें कळलें.

२८ मार्च २०२३ रोजीं साकामोतो वारले. आपल्या अंत्यविधीच्या वेळीं कोणतें संगीत लावावें याची यादी त्यांनीं स्वतःच करून ठेविली होती. त्या यादींतील पहिली रचना आल्व्हा नोटो यांची आहे.

तेव्हांपासून कोणत्याहि मैफलीस गेलों कीं मी आधीं साथीदार कोण आहे तें पाहतों, आणि मुख्य कलावंत थांबला कीं तो कोणाचें ऐकत आहे, तिकडे कान देतों.