कातडे, टाका आणि मजुरी



धर्मांतरानंतर आपल्या कित्येक कुटुंबांत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. आपण बुद्धाला शरण गेलो, आता चामड्याला हात लावावा की लावू नये? कोणी म्हणतात, आरी आणि रापी फेकून द्या, तीच आपल्या दास्याची खूण होय. कोणी विचारतात, ती फेकल्यावर सायंकाळी चूल कशी पेटावयाची? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, म्हणूनच या प्रश्नाचा निकाल आवेशाने लागणार नाही. त्यासाठी मी आज आपणांस एका दूरदेशीच्या धंद्याची हकीकत सांगणार आहे. तो धंदा म्हणजे अमेरिकेतील बेसबॉल या खेळाच्या चेंडूवर हाताने कातडे शिवण्याचा.

हा चेंडू वजनाने पाच ते सव्वापाच औंस आणि घेराने नऊ ते सव्वानऊ इंच असतो. आत बूच आणि रबर यांचा लहानसा गोळा असून त्यावर लोकरीचा धागा शेकडो वार गुंडाळलेला असतो. त्यावर जे पांढरे कातडे चढते, ते १९७४ पर्यंत घोड्याचे असे, तेव्हापासून गाईचे असते. हे कातडे तुरटीने कमावतात. त्याचे दोन सारखे तुकडे कापतात. मध्ये निमुळता आणि दोन्ही टोकांस गोल, असा भुईमुगाच्या शेंगेसारखा प्रत्येक तुकड्याचा आकार असतो. असे दोन तुकडे एकमेकांत आडवे-उभे बसविले म्हणजे सबंध गोल झाकला जातो. कडांना छिद्रे आधीच पाडलेली असतात. कातडे ओलसर करून गोळ्यावर ताणतात, चेंडू चिमट्यात पक्का धरतात आणि मेण लावलेला ८८ इंच लांबीचा तांबडा दोरा दोन सुयांत ओवून दोन्ही हातांनी एकाच वेळी शिवण घालीत जातात. जोडटाके भरतात १०८. पहिला आणि शेवटचा टाका आत असा दडवावयाचा की कोठे आरंभ झाला आणि कोठे शेवट, हे कोणास दिसू नये. एका चेंडूस दहा-पंधरा मिनिटे लागतात.

ही शिवण यंत्राकडून करवून घेण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. परंतु मोठ्या सामन्यांतील चेंडू अद्यापि मनुष्याच्या हातानेच शिवला जातो. कातड्याचे दोन तुकडे कधी सारखे ताणत नाहीत. एक सैल पडतो, दुसरा ओढ घेतो. कोणता टाका किती आवळावा, हे बोटांनाच कळते. आपल्या वाडवडिलांनी मोटेला ठिगळ लावताना आणि वहाणेचा तळ शिवताना नेमके हेच ज्ञान वापरले होते. तेथे त्यास कौशल्य म्हणतात. येथे त्यास जात म्हटले गेले.

या धंद्याचा आरंभ पहा. मॅसॅच्युसेट्स प्रांतातील नॅटिक या गावी १८५८ साली बेसबॉल करण्याचा कारखाना निघाला. कातडी कारखान्यात कापली जात आणि शिवण्यासाठी गावातील घरोघरी दिली जात. शिवणाऱ्या होत्या त्या गावच्या गृहिणी आणि मुली. दुपारचे काम आटोपले की त्या चेंडू घेऊन बसत आणि नगावर पैसे घेत. त्या प्रार्थनेस गेल्या असता त्यांना दाराबाहेर उभे केले नाही, त्यांच्या विहिरी वेगळ्या झाल्या नाहीत, आणि त्यांच्या मुलींनी पिढ्यान्पिढ्या चेंडूच शिवावेत असा दंडक कोणी घातला नाही.

आता आपल्या गावगाड्याकडे वळा. मेलेले जनावर ओढावयाचे महाराने, कातडे कमवावयाचे ढोराने, शिवावयाचे चांभाराने. एका कातड्याच्या प्रवासातील तीन टप्पे आणि प्रत्येक टप्प्यास एकेक जात जखडलेली! वर या तिघांनी एकमेकांस उच्चनीच मानावे, ही शिकवणही त्याच व्यवस्थेने दिली. हे काम करणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची मुभा नव्हती, हा त्यातील खरा दंश आहे. १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत जनावराचे मांस खाऊ नये असा निर्धार झाला आणि ओढकाम सोडण्याची चळवळ गावोगाव पसरली, तेव्हा महारांवर बहिष्कार पडले. काम नाकारले म्हणून ज्यास उपाशी मारले जाते, त्याचे काम धंदा नव्हे. ती वेठ होय. महार वतनाच्या या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ती बेडी तुटली १९५८ च्या कायद्याने.

विटाळ कातड्यात असतो, असे मानणारांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. चांभार जातीत जन्मलेले पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेतले. पुण्यास ते हिंदू खेळाडूंबरोबर खेळत, तेव्हा त्यांनी टाकलेला चेंडू सारे झेलीत. तो चेंडूही गाईच्याच कातड्याचा होता. परंतु चहाची वेळ झाली की बाळूंना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रात मिळे. कातडे चालले, मनुष्य चालला नाही! राजकारणात ते पुढे बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि १९३७ च्या निवडणुकीत पराभूत झाले, ही गोष्ट निराळी. त्या मातीच्या पात्राचा अपमान त्यामुळे लहान होत नाही.

तेव्हा विटाळ नसलेल्या देशांत चामडे शिवणारा सुखी झाला असेल, असे आपणांस वाटेल. येथे मला आपली निराशा करणे भाग आहे.

अमेरिकेत मजुरी वाढू लागली तसे हे काम बाहेर जाऊ लागले. मोठ्या व्यावसायिक सामन्यांना चेंडू पुरविणाऱ्या रॉलिंग्ज या कंपनीने १९६९ च्या सुमारास ते हैती या बेटावरील राष्ट्रात नेले. हैती कोणता देश? जेथील काळ्या गुलामांनी आपल्या मालकांशी लढून १८०४ साली स्वतंत्र राष्ट्र स्थापिले, तो. गुलामगिरीची बेडी स्वहस्ते तोडणाऱ्या त्या शूरांचे वंशज दुसऱ्यांच्या खेळाचे चेंडू नगावर शिवीत बसले. त्यांच्या स्वतःच्या देशात तो खेळ कोणी खेळत नव्हते. देशात राजकीय अस्थिरता माजली आणि १९९० साली कंपनी तेथून निघून गेली. चेंडू पुढे मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशाच्या तुरियाल्बा गावी होऊ लागले. २००४ साली अमेरिकेतील एका मोठ्या वृत्तपत्राने तेथील वृत्तांत छापला, त्यात एका चेंडूच्या शिवणीस सुमारे ३० सेंट पडतात असे दिले होते. तोच चेंडू अमेरिकेत सुमारे १५ डॉलरांस विकला जाई आणि तो फेकणाऱ्या व्यावसायिक खेळाडूचे सरासरी वार्षिक वेतन २० लाख डॉलरांच्या वर होते. मनगटे आणि बोटे दुखावल्याच्या तक्रारीही त्या वृत्तांतात होत्या. २०१८ साली त्या व्यावसायिक संघटनेनेच एका गुंतवणूकदार संस्थेसमवेत ही कंपनी विकत घेतली. चेंडू घेणारा आणि शिवून घेणारा एकच झाला, तेव्हा कमी मजुरीचा जाब कोणास विचारावा, हे शोधण्यास आता दूर जावे लागत नाही.

म्हणजे विटाळ आणि पिळवणूक ही दोन निरनिराळी दुखणी आहेत. आपल्या देशात ती एकाच देहात जडली, म्हणून आपण त्यांस एकच समजतो. मेरठमध्ये क्रिकेटचे चेंडू शिवणारे पुष्कळ कारागीर जाटव समाजाचे आहेत. त्यांच्या वाट्यास दोन्ही येतात. धर्मांतराने आपण पहिल्या दुखण्याचे मूळ आपल्या मनातून उपटले. दुसरे मात्र त्रिशरण म्हटल्याने जात नाही.

धम्माची आज्ञा काय, असे माताभगिनी विचारतात. अंगुत्तर निकायात उपासकाने न करण्याचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. चामडे शिवणे त्यांत नाही. विनयाच्या महावग्गात चम्मक्खन्धक नावाचे एक सबंध प्रकरण आहे. त्यात भिक्खूंनी कोणती पादत्राणे वापरावी याचे नियम आहेत, आणि कातड्यासाठी वासराची हत्या करविणाऱ्या भिक्खूचा कडक निषेधही आहे. हत्या निषिद्ध, टाका नव्हे. आणि उपालि तर न्हावी होता. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्यास दीक्षा मिळाली, ती त्या राजपुत्रांच्याच विनंतीवरून, आपला अभिमान गळावा म्हणून. म्हणून ज्यास हा धंदा सोडावयाचा असेल त्याने खुशाल सोडावा, मुलांस शिकवावे, वकील-डॉक्टर करावे. ज्यास करावयाचा असेल त्याने मान खाली न घालता करावा. सक्ती मात्र कोणत्याही बाजूची नको. आपल्या वस्तीतील पुढाऱ्यांनी आरी धरणाऱ्या शेजाऱ्यास 'अजून जुनाच' म्हणून हिणविणे, हा मला तर नव्या सोवळ्याचाच प्रकार वाटतो.

आता थोडे कायद्यासंबंधी. किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात १९४६ साली मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी मांडले. त्यातून १९४८ चा कायदा झाला. नगावर काम करणारास किमान दर ठरवून देण्याची तरतूद त्यात होती. माल घरी नेऊन तयार करणाराही त्याच्या व्याख्येत कामगार ठरत असे. तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाला आहे. नगावरील किमान दराची तरतूद तेथेही आहे. शिंपीकाम नगावर करणारे लोक नोकर आहेत की नाहीत, हा वाद १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. मजुरी नगावर मिळते एवढ्यावरून मनुष्य नोकर नाही असे ठरत नाही, असा निकाल झाला. त्याहून मोठा निकाल १९८२ चा, आणि तोही खेळाशीच निगडित आहे. दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामे चालू होती आणि मजुरांस किमान वेतन मिळत नव्हते. न्यायालयाने सांगितले, पोटाच्या गरजेने जो किमान वेतनाहून कमी घेऊन राबतो, त्याचे काम घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठबिगारच होय. ओढकामाच्या सक्तीविरुद्ध आपले वाडवडील जे म्हणत होते, तेच देशाच्या सर्वश्रेष्ठ न्यायासनाने मजुरीविषयी म्हटले.

परंतु न्यायालयापुढे पुरावा लागतो. नगावर काम करणाऱ्या घरी तोच नसतो. किती नग दिले, किती घेतले, किती नापास म्हणून परत केले आणि त्यांचे पैसे कापले, हे सारे मालकाच्या वहीत असते. आपल्या घरात शाळेत जाणारे एक मूल तरी आहे. त्याच्याकडून तारीख, नग, दर आणि मिळालेली रक्कम अशी चार रकान्यांची वही आजपासून लिहवून घ्या. घेणाऱ्याची सही मिळाली तर उत्तम; न मिळाली तरी रोजच्या रोज लिहिलेल्या वहीस किंमत असते. ज्यांच्याजवळ जुन्या चिठ्ठ्या असतील त्यांनी त्या फाडू नयेत. पुढील आठवड्यात विहारात मी बसणार आहे, त्या वेळी घेऊन याव्यात. स्त्रियांच्या नावे काम आणि पुरुषाच्या नावे पैसे असा प्रकार जेथे असेल, तेथे स्त्रियांनी स्वतः यावे.

जयभीम.