झेरॉक्स चालतं, मग पीडीएफ का नाही?



कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ टाकतं आणि खाली लिहितं, "शिक्षणासाठी आहे, कॉपीराइट लागत नाही." हे कितपत खरं आहे, ते आज बघूया.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'फेअर युज' हा अमेरिकन कायद्यातला शब्द आहे. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे आणि त्याच्या कलम ५२ मध्ये सवलतींची यादीच दिलीय. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. एक, स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी केलेला रास्त वापर. दुसरी, शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने काढलेली प्रत. प्रश्नपत्रिकेत उतारा देणंही त्यातच येतं.

या दुसऱ्या सवलतीची मोठी परीक्षा दिल्लीत झाली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी नावाचं झेरॉक्सचं दुकान. शिक्षक सिलॅबसप्रमाणे वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं सुचवायचे, दुकानदार त्यांच्या झेरॉक्स बांधून 'कोर्स पॅक' विकायचा. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकान आणि युनिव्हर्सिटी, दोघांनाही कोर्टात खेचलं.

सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने दावा फेटाळला. प्रकाशक अपिलात गेले. डिसेंबरमध्ये दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने सांगितलं की या सवलतीत पानांचा आकडा ठरलेला नाही. शिकवण्यासाठी तेवढा भाग खरंच लागतो का, एवढंच बघायचं. हे तपासायला केस पुन्हा खाली पाठवली, पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी ती मागेच घेतली.

म्हणजे "दहा टक्क्यांपर्यंत चालतं" हा जो नियम सगळे सांगतात, तो या कलमात कुठेच नाही.

आता त्या पीडीएफकडे येऊ. कोडच्या भाषेत सांगायचं तर इथे एक 'इफ' कंडिशन आहे: शिकवणं चालू आहे का, आणि त्यासाठी हा भाग लागतो का? वर्गासाठी निवडलेली तीन प्रकरणं या कंडिशनमध्ये बसतात. स्पर्धा परीक्षेचं अख्खं पुस्तक हजारो अनोळखी लोकांच्या टेलिग्राम चॅनलवर टाकलं, तर तिथे शिकवतंय कोण? 'शिक्षण' हा शब्द काही पासवर्ड नाही.

आणि हा फक्त कायद्याचा मुद्दा नाही. महागडं परदेशी पुस्तक न परवडणाऱ्या मुलाला या सवलतीने आधार दिलाय. आपण तिचा वाट्टेल तसा वापर केला, तर उद्या ती आवळा अशी मागणी करणाऱ्यांना आयतं कोलीत मिळेल. शिवाय मराठीत अभ्यासाचं चांगलं पुस्तक लिहिणाऱ्याला दुसरं पुस्तक लिहावंसं वाटलं पाहिजे ना!

मोकळेपणाने शेअर करण्यासारखंही भरपूर आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत आलेली पुस्तकं २०११ पासून सगळ्यांसाठी खुली आहेत. फक्त नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रं कुणाची आहेत, ते बघा.

तर पुढच्या वेळी फॉरवर्ड दाबण्याआधी दोनच प्रश्न: कुणाला शिकवायला, आणि किती लागतंय? उत्तर सापडलं तर बिनधास्त झेरॉक्स काढा. भेटू पुढच्या भागात!