घरची जुनी गाडी आणि मागे घोड्याचा ट्रेलर : घेताना काय पाहावे



घरात सहा-सात माणसं, दारात एक घोडी, आणि दोघांचीही सोय होईल अशी एकच जुनी गाडी घ्यायची आहे. कोणती घ्यावी? हवेली, मुळशी, शिरूर, दौंड या भागांतून हा प्रश्न आता वरचेवर येतो. पूर्वी घोडं न्यायचं म्हणजे पायी न्यायचं. माउलींच्या सोहळ्याचे अश्व आजही अंकलीहून आळंदीपर्यंत पायीच येतात. पण सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली घोडी पुण्याला आणायची तर जवळजवळ चारशे किलोमीटरचा पल्ला आहे. अकलूजचा बाजार असो, लग्नाच्या वरातीची सुपारी असो, नाहीतर आजारी घोडी शहरातल्या दवाखान्यात न्यायची असो, चाकं लागतातच. पिकअप भाड्याने मिळते, पण ती नेमकी अडीअडचणीला मिळत नाही. म्हणून माणसं म्हणतात, घरच्या गाडीलाच मागे ट्रेलर जोडावा.

विचार चांगला आहे. मात्र गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘ओढेल का?’ हा. ओढण्याचं काय, बोलेरोसारख्या गाडीचं इंजिन पाऊणशे अश्वशक्तीच्या आतबाहेर असतं. पाऊणशे घोड्यांनी एक घोडं ओढायचं, त्यात विशेष ते काय! खरा प्रश्न आहे तो ‘थांबवेल का?’ हा. आणि गाडीत पुढे आपली पोरंबाळं बसलेली असतात, हे लक्षात ठेवून त्याचं उत्तर शोधायचं आहे.

आधी वजनाचा हिशोब कागदावर मांडा. मारवाडी किंवा काठेवाडी घोडं साधारण चारशे किलोचं धरा. भीमथडीचं तट्टू त्याहून हलकं, शर्यतीच्या जातीचं घोडं पाचशेच्या घरात. एका घोड्याचा लोखंडी ट्रेलर रिकामा सहाशे किलोच्या आसपास भरतो. वैरण, पाणी, खोगीर मिळून पन्नास किलो. म्हणजे मागे साडेदहाशे किलो झालं. दोन घोड्यांचा ट्रेलर घेतला तर हाच आकडा सतराशेवर जातो. आता गाडीच्या आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, ते पाहा. भरलेल्या ट्रेलरचं वजन त्या आकड्याच्या वर कधीही जाऊ नये. नव्या हाताने तर पाऊणपटीच्या आतच राहावं. बोलेरो, इनोव्हा, स्कॉर्पिओ या गाड्या सोळाशे ते अठराशे किलोच्या आसपास आहेत. म्हणजे एक घोडं त्यांच्या मागे बसतं, दोन बसत नाहीत. दोन घोडी नेणाऱ्याने घरच्या गाडीचा नाद सोडून जनावरांच्या वाहतुकीची रीतसर परवानगी असलेली मोठी गाडी ठरवावी. हे कुणाला कडू लागलं तरी सांगणं भाग आहे. कंपनीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा आकडा दिला असेल तर माझा ठोकताळा बाजूला ठेवून तोच आकडा प्रमाण माना. ‘ट्रेलर जोडू नये’ असं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला.

आता थांबवण्याचं पाहू. सतराशे किलोची गाडी, आत पाच माणसं, मागे साडेदहाशे किलो, एकूण तीन हजारांच्या वर. गाडीचे ब्रेक जेवढ्या वजनासाठी बनवले त्याच्या जवळजवळ दीडपट. सपाट रस्त्याला हे कळत नाही. कळतं ते उतारावर. पुण्याच्या भोवती घाटांना तोटा नाही. दिवे घाट आहे, बोपदेव आहे, खंबाटकी आहे, बोरघाट आहे. आणि घाट म्हणून ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांबच लांब उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी त्याच उतारावर एका जड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. त्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे आजही दिसतात. मागे जित्राब असताना हा विचारसुद्धा मनात आणू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापतात, ब्रेक ऑइलला उकळी फुटते, आणि मग पायडल नुसतं खाली जातं, गाडी थांबत नाही.

म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. गाडी मंदावली आणि ट्रेलर पुढे रेटू लागला की दांडी आत दबते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, अशी साधी रचना मिळते. तिला वीज लागत नाही, फार काही बिघडत नाही. बिनब्रेकचा ट्रेलर साडेसातशे किलोच्या वर न्यायचा नाही असा दंडक परदेशात आहे. आपला एका घोड्याचा हिशोबच साडेदहाशेचा आला, तेव्हा यात घासाघीस नको.

गाडी कोणती, याकडे येऊ. ट्रेलर ओढायला खाली स्वतंत्र चेसी असलेली आणि मागच्या चाकांनी ढकलणारी गाडी बरी. हूक त्या चेसीला पक्का बांधता येतो, आणि मागे भार पडला की ओढणारी चाकं जमिनीला जास्त धरतात. एर्टिगासारख्या गाड्या घरच्या माणसांना फार सुखाच्या आहेत, पण त्यांचं अंग सलग पत्र्याचं, ओढ पुढच्या चाकांची. मागे भार पडला की पुढची चाकं हलकी होतात, आणि ओल्या चढावर जागीच फिरतात.

जुन्या बाजारात चेसीच्या गाड्या पुष्कळ आहेत. टाटा सुमो २०१९ पर्यंत निघत होती. दणकट आहे, सुटे भाग नाना पेठेत मिळतात, पण ती घेताना चेसीकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. बोलेरो २००० सालापासून आहे. मागे पाटे असल्यामुळे हूकाचा भार सोसते आणि कुठल्याही खेड्यात दुरुस्त होते. बसायला मात्र धक्के खाते, आणि चढावर दम धरून चालवावी लागते. क्वालिस २००५ साली बंद झाली, तिच्या जागी इनोव्हा आली. घरच्या माणसांसाठी इनोव्हाच सरस, इंजिनही चिवट. पण टॅक्सीत पळून आलेल्या फार. स्कॉर्पिओ आणि सफारी स्टॉर्म यांच्यात जोर भरपूर, वजनही चांगलं. दोन्हींत स्टॉर्म जास्त जड, म्हणून ट्रेलरखाली अधिक शांत चालते. मात्र तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं आहे, तेव्हा भाग कुठे मिळतील हे आधी विचारा. माझा कौल विचाराल तर, गावाकडे राहणाऱ्याने चांगली राखलेली, एकाच घरात वापरलेली बोलेरो किंवा स्कॉर्पिओ घ्यावी. ज्याचे आई-वडील महिन्याला पुण्यात दवाखान्याला येतात त्याने इनोव्हा शोधावी, आणि घोडं एकच ठेवावं.

गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. खाली गोणपाट टाकून स्वतः आडवे व्हा. मागच्या पाट्यांची टोकं जिथे चेसीला बसतात तिथे गंज, तडा, नाहीतर वेल्डिंगचा ठिगळ दिसला, तर ती गाडी ओढायच्या कामाची नाही, मग रंग कितीही चकचकीत असो. कोकणात समुद्रकाठी राहिलेल्या गाडीला हे दुखणं हमखास असतं. बंपरखाली जुन्या हूकाची भोकं आहेत का पाहा. असतील तर तिने काय ओढलं ते विचारा.

वडापला चाललेली जीप लगेच ओळखू येते. मागच्या पायरीचा पत्रा झिजलेला, दाराच्या बिजागऱ्या सैल, पायडलचं रबर गुळगुळीत, आणि मीटरवर मात्र साठ हजार किलोमीटर! मीटर खोटं बोलतं, पायडल बोलत नाही.

क्लच तपासायची एक सोपी युक्ती आहे. सपाट जागी हॅन्डब्रेक घट्ट ओढा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. घरघर करत चालूच राहिलं तर क्लच सरकतोय. तो खर्च किमतीतून वजा करा. मग पाच माणसं बसवून बोपदेव किंवा दिवे घाट एकदा चढून या. वर पोचल्यावर जळका वास येतो का, तापमानाचा काटा वर गेला का, डिफरन्शियलखाली तेल ठिबकतं का, पाहा. घाट चढून न आलेली गाडी या कामासाठी घेऊ नये. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. पाच-सहा वर्षांवरचे टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचे. ब्रेक ऑइल जुनं झालं की हवेतला ओलावा पितं आणि लवकर उकळतं, तेव्हा गाडी घेतल्या घेतल्या ते नवं भरा.

आणखी दोन प्रकारच्या गाड्यांपासून सावध राहा. एक, पुरात बुडालेली. २०१९ साली सांगली-कोल्हापूरचा पूर झाला, त्याच सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढा फुगला, आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला पाणी घुसलं. त्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा, त्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. गालिच्याखाली हात घाला, वास घ्या. दुसरी, दिल्लीकडची स्वस्त डिझेल गाडी. २०१५ मध्ये हरित लवादाने तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून अशा गाड्या इकडे येऊ लागल्या. गाडी वाईट असेलच असं नाही. पण ना-हरकत दाखला, इथला कर आणि नवी नोंदणी यांत स्वस्ताई विरघळून जाते.

कागद पाहताना नोंदणीची मुदत पाहा. खाजगी गाडीला पहिली पंधरा वर्षं. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, फी आणि आपल्या राज्यात पर्यावरण कर. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या व्हाव्यात. थकलेली चलनं मोबाइलवर दिसतात, ती विकणाऱ्याला भरायला लावा.

ट्रेलर भोसरी-चाकणकडे बांधून मिळतो, पण तो नोंदणीला मंजूर नमुन्याचा आहे का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी आरटीओत विचारा. ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते, आणि मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसावा लागतो. विमा कंपनीला ट्रेलर जोडणार असल्याचं लेखी कळवा. दुसऱ्याचं घोडं भाडं घेऊन नेणं पांढऱ्या पाटीच्या गाडीला चालत नाही. जनावरं नेणाऱ्या गाड्यांसाठी २०१६ पासून लागू असलेल्या नियमात एका घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे अडीच मीटर लांब आणि नव्वद सेंटिमीटर रुंद कप्पा. ट्रेलर त्याच मापाचा बांधा. घोडं निघताना पशुवैद्यकाचा दाखला बरोबर हवा. मालमोटारीतून घोडे नेताना ताशी ३५ किलोमीटरच्या वर जाऊ नये असं १९७८ च्या नियमांत आहे. ट्रेलरवाल्यानेही तोच वेग मनात धरावा.

भार कसा ठेवायचा हे बैलगाडी हाकलेल्या माणसाला शिकवायला नको. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, फार पुढे आलं की बैलांच्या मानेवर बसतं. ट्रेलरचंही तसंच. भरलेल्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हूकावर पडावा. त्याहून कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. जास्त पडला तर गाडीचं तोंड वर होतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. दोन कप्प्यांच्या ट्रेलरमध्ये एकच घोडं असेल तर ते उजव्या कप्प्यात, ड्रायव्हरच्या पाठीमागे उभं करा, कारण आपला रस्ता डावीकडे उतरता असतो. हूकाबरोबर दोन साखळ्या फुलीसारख्या आडव्या लावा. हूक निसटला तरी दांडी त्यांच्यात अडकते, रस्त्यात रुतत नाही.

सुरुवातीला आठ-पंधरा दिवस रिकामा ट्रेलर घेऊन फिरा. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात न्यायचा, म्हणजे गोंधळ होत नाही. मग वाळूची पोती भरून एक घाट करा. त्यानंतर घोडं चढवा आणि पहिल्या दिवशी दहा किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. परत आल्यावर चाकांच्या डिस्कजवळ हात न्या. झळ लागत असेल तर अजून ब्रेकवर जास्त आणि गिअरवर कमी चालवता आहात. उतरल्यावर घोडीकडेही पाहा. ती घामाने निथळत असेल, पाय फाकून उभी राहत असेल, तर वळणं जोरात घेतली गेली आहेत. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता आणखी सावकाश करा.