मुलांना ऋतू शिकवताना

चार वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका खेड्यात, तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेला भेट देण्याचा योग आला. कार्यक्रम नेहमीचाच होता : झाडाला पाणी घालणे, नारळ, चहा आणि मुलांनी काढलेल्या चित्रांचे प्रदर्शन. चित्रांचा विषय होता ‘हवामानबदल’. भिंतीवर ओळीने पन्नासेक पृथ्व्या लावलेल्या होत्या आणि त्या सगळ्याच आजारी होत्या. कोणाच्या तोंडात तापमापक, कोणाच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी. एक तर थेट तिरडीवर बांधलेली. मी रीतीप्रमाणे कौतुक केले. निघता निघता तिसरीतल्या एका मुलीने विचारले, “साहेब, मी मोठी होईपर्यंत पृथ्वी असेल ना?”

“असेल हो बाळ, असेल,” असे म्हणून मी गाडीत बसलो.

सरकारी नोकरीत वीस वर्षे काढल्यावर, उत्तर न देता उत्तर दिल्यासारखे करण्याची कला माणसाला अवगत होते. माझे उत्तर खोटे नव्हते. पृथ्वी राहणारच आहे. परंतु त्या मुलीला पृथ्वीची चिंता नव्हती. आपले घर, आपली विहीर आणि आपली माणसे यांची चिंता होती. तिला एवढेच कळले होते की मोठी माणसे कशाला तरी भ्याली आहेत. ते भय आम्ही तिच्या हाती दिले होते आणि त्याबरोबर दुसरे काहीच दिले नव्हते.

हा विषय शाळेत असावा की नसावा, हा वाद आता उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरणाचे शिक्षण सर्व इयत्तांत सक्तीचे करण्याचा आदेश दिला. 1992 च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक करारात शिक्षणासाठी स्वतंत्र कलम आहे, आणि 2015 च्या पॅरिस करारातही आहे. इटलीने 2019 मध्ये वर्षाला 33 तास या विषयाला देण्याचे जाहीर केले. आमच्याकडे आदेश निघाला म्हणजे परिपत्रक निघते, परिपत्रक निघाले म्हणजे प्रकल्प-वही येते आणि प्रकल्प-वही आली म्हणजे शाळेसमोरच्या दुकानात तयार चित्रांचे तक्ते विकावयास येतात. रात्री अकरा वाजता ते तक्ते कात्रीने कापीत बसलेले आईबाप मी पाहिले आहेत. अशी काही परिपत्रके माझ्याही सहीने गेली आहेत, म्हणून या बाबतीत इतरांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.

माझे म्हणणे इतकेच आहे की आपण हा विषय शेवटाकडून सुरू केला आहे. ऋतूंची ओळख होण्याआधीच ऋतू बिघडल्याची बातमी आपण मुलांना दिली. ज्याची ओळखच नाही, त्याच्यातला बदल कोणालाही दिसत नाही. फक्त ऐकू येतो.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला कर्ब वायूचे नाव कळण्याची गरज नाही. त्याला आषाढ कळला पाहिजे. शहरांतल्या शाळांत पावसाला निघून जाण्यास सांगणारे इंग्रजी बडबडगीत अजून म्हटले जाते, आणि आपल्या घरी त्याच वयाचे मूल पावसाला पैशाचे आमिष दाखवून बोलावीत असते. यांतले कोणते गीत आपल्या देशातले आहे हे सांगावयास नको! या वयात मुलाने पाहावे : अंगणातल्या शेवग्याला फूल केव्हा आले, बहावा केव्हा पिवळा झाला, कोकीळ प्रथम कोणत्या दिवशी ओरडला. इंदूरच्या किंवा बडोद्याच्या मराठी मुलाची तारीख कोल्हापूरच्या मुलाच्या तारखेशी जुळणार नाही, हीच त्यातली मौज आहे. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशातील, विशेषतः केरळातील, शाळकरी मुले आपल्या ओळखीच्या झाडाची पालवी, फूल आणि फळ यांच्या नोंदी ठेवतात. त्या उपक्रमाला तक्ते लागत नाहीत, झाड लागते. आणि घरात आजी असेल तर तिला विचारावे की मृगाचा पाऊस कसा असे आणि हस्ताचा कसा. आजीची सगळीच आठवण बिनचूक असेल असे नाही. ती तपासून पाहण्याचे वय पुढे येणारच आहे.

ते वय म्हणजे पाचवी ते आठवी. माझ्या मते या विषयाचे खरे मर्म याच चार वर्षांत आहे, आणि त्यासाठी लागणारे साधन म्हणजे एक पर्जन्यमापक आणि एक वही.

पर्जन्यमापक नसेल तर सरळ भिंतींचे, सपाट बुडाचे कोणतेही भांडे चालेल. एका वर्गात मी विचारले होते की भांडे मोठे घेतले तर पाऊस जास्त भरेल काय. बहुतेक हात वर गेले. मग बाहेर पातेले आणि डबा शेजारी शेजारी ठेवले, आणि एक सर येऊन गेल्यावर पट्टीने मोजले. दोन्हीकडे पाण्याची उंची सारखीच. मुलांच्या चेहऱ्यावरचे ते आश्चर्य पाहण्यासारखे होते. मिलिमीटर हे पावसाचे माप का आहे, हे त्या मुलांना पुन्हा शिकवावे लागणार नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते; म्हणजे शंभर चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर. हा हिशेब झाला की मुले आपण होऊन पन्हळीकडे पाहू लागतात.

आता वहीविषयी. हवामान खाते दर सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजते आणि अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तर तो ‘पावसाचा दिवस’ धरते. शाळेनेही तसेच करावे. परंतु वही वर्गाची नसावी, शाळेची असावी. सातवीच्या मुलांनी ती पुढच्या वर्गाच्या हाती सोपवावी, त्यांनी त्याच्या पुढच्या. एका दिवसाची हवा म्हणजे हवामान नव्हे, त्यासाठी निदान तीस वर्षांची सरासरी पाहावी लागते, हे वाक्य पाठ्यपुस्तकात असते आणि मुले ते पाठ करतात. पण ज्या वहीत आपल्या काकाचे, आपल्या आईचे हस्ताक्षर आहे, ती वही हातात धरणाऱ्या मुलाला तीस वर्षे म्हणजे काय ते हाताला लागते.

नोकरीच्या आरंभी मी एका तहसील कचेरीत होतो. तेथील अभिलेखकक्षात पावसाच्या जुन्या नोंदवह्या होत्या. काही इतक्या जुन्या की पाऊस इंचात लिहिलेला. जवळच्या शाळेतील एक गुरुजी सातवीच्या मुलांना घेऊन आले आणि त्यांनी दोन महिने शनिवारी बसून त्या नोंदींचा आलेख काढला. मुले निराश झाली. त्यांना वाटले होते, रेषा सरळ खाली जाईल. ती नुसतीच वर-खाली नाचत होती. “सर, काहीच बदललेलं नाही,” एक मुलगा म्हणाला. गुरुजींनी त्याला गप्प बसविले नाही. ते म्हणाले, “बेरीज बदलली नाही. पण पाऊस पडला किती दिवस?”

हा प्रश्न त्या गुरुजींना कोठून सुचला ते मी विचारले नाही. पण तोच प्रश्न पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विचारला होता. 1951 ते 2000 या काळातील मध्य भारताच्या नोंदी त्यांनी तपासल्या. मोसमी पावसाच्या एकूण सरासरीत ठळक फरक नव्हता. मात्र अतिवृष्टीचे प्रसंग वाढले होते आणि मध्यम पावसाचे प्रसंग घटले होते. एक वाढ आणि एक घट मिळून बेरीज जागच्या जागी राहिली होती. ज्याचे शेत आहे त्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. चार दिवसांत कोसळलेला शंभर मिलिमीटर पाऊस आणि महिनाभर झिरपलेला शंभर मिलिमीटर पाऊस सरकारी तक्त्यात एक असतो, शेतात एक नसतो.

याच वयात मुलांना प्रामाणिकपणाचाही एक धडा द्यावा. 2020 साली हवामान खात्याने मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. मुंबईत पाऊस येण्याची तारीख 10 जूनची 11 जून झाली. परतण्याची मात्र 29 सप्टेंबरची 8 ऑक्टोबर. वर्गात ही बातमी वाचली की मुले लगेच म्हणतात, हा हवामानबदल! तेव्हा शिक्षकाने थांबवावे. जुन्या तारखा 1901 ते 1940 च्या नोंदींवरून आणि आजच्यापेक्षा कमी केंद्रांवरून ठरविल्या होत्या. नव्या तारखांत बदललेला पाऊस किती आणि सुधारलेली मोजणी किती, हे वेगळे काढावे लागते. असे सांगितल्याने विषयाचे महत्त्व उणावते असे काहींना वाटते. माझा अनुभव उलट आहे. प्रत्येक गारपिटीला आणि प्रत्येक उन्हाळ्याला एकच कारण चिकटविणाऱ्या शिक्षकावरचा मुलांचा विश्वास एखाद्या थंड हिवाळ्यातच उडून जातो.

नववी-दहावीत कारणांकडे वळावे. सध्या माझे वास्तव्य दिल्लीत आहे. येथे नोव्हेंबरात हवा इतकी बिघडते की शाळा बंद ठेवाव्या लागतात, आणि त्यामुळे येथील हुशार मुलेही धूर आणि हवामानबदल यांची गल्लत करतात. ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्रातून ऊन आत येते आणि पृथ्वी तापते, ही समजूत तर मी पदवीधरांच्या तोंडूनही ऐकली आहे. तीन गोष्टी वेगळ्या आहेत. दिल्लीच्या धुरातील काही कण ऊन परतवून पृथ्वीला किंचित थंडच ठेवतात; तापविणारा कर्ब वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी 1856 साली नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि कर्ब वायूचे नळकांडे सर्वांत अधिक तापते हे दाखविले. पाठोपाठ टिंडलने 1859 पासून हे वायू उष्णता कशी शोषतात ते मोजले. 1896 साली स्वीडनच्या अऱ्हेनियसने, हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित हाताने केले. 1958 पासून हवाई बेटावरील मौना लोआ येथे त्याची मोजणी चालू आहे. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो 315 च्या आसपास होता, आज 420 च्या वर आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, एवढे सांगितले की सातवीतल्या त्या आलेखाचे कोडे दहावीत उलगडू लागते. यासाठी वेगळी तासिका नको. विज्ञान, इतिहास, भूगोल आणि गणित यांच्या शिक्षकांनी एकमेकांशी बोलले तरी पुरे. अर्थात हेच सर्वांत अवघड!

अकरावीपासून पुढे मात्र शिक्षकाची खरी परीक्षा असते. काही वर्षांपूर्वी चंद्रपूरला असताना एका कनिष्ठ महाविद्यालयात मी या विषयावर बोललो. त्या शहराच्या उशाशी 2,920 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे आणि भोवताली कोळशाच्या खाणी. भाषणानंतर एक मुलगा उभा राहिला. “सर, माझे वडील खाणीत आहेत. ते चुकीचं काम करतात का?”

या वेळी माझी गाडी बाहेर उभी होती, तरी मी पळालो नाही. मी म्हणालो की तुझे वडील जो कोळसा काढतात त्याच्याच विजेवर हा माझा ध्वनिक्षेपक चालला आहे. भारतातील माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कर्ब वायू हवेत जातो, अमेरिकेतील माणसामागे सुमारे चौदा टन. यात तुझ्या वडिलांचा वाटा किती, तो तूच काढ. परंतु कोळसा जाळल्याने पृथ्वी तापते हेही खरे आहे, आणि खाणी एक दिवस कमी होतील हेही खरे. तेव्हा खाणीतल्या माणसाचे काय, हा प्रश्न तुझा आहे तसाच माझ्या कचेरीचाही आहे. त्याचे तयार उत्तर माझ्यापाशी नाही. तो मुलगा बसला. त्याचे समाधान झाले की नाही, मला सांगता येणार नाही. पण पुढचा तासभर इतर मुले आपसांत भांडत राहिली, आणि ते भांडण चांगले होते. या वयात मुलांना ठराव नकोत, हिशेब हवेत. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हा काय करावे, याचा सराव हवा.

भयाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. संकट मुलांपासून लपवावे, असे मी म्हणत नाही. 1999 च्या ऑक्टोबरात ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. 2013 च्या ऑक्टोबरात ‘फायलिन’ तेथे आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविले होते, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. त्या किनाऱ्यावरील अनेक वादळ-निवारे एरवी शाळा म्हणून वापरले जातात. ज्या खोलीत पाढे शिकलो त्याच खोलीत वादळाच्या रात्री गाव जमते, तिच्या चाव्या कोणाकडे असतात, म्हाताऱ्यांना प्रथम कोण आणते, हे मुलांना ठाऊक असते. वादळ त्यांनाही भिववीत असणारच. पण त्या रात्री काय करायचे ते त्यांना माहीत असते.

त्या मराठवाड्यातील शाळेत मी गेल्या जुलैत पुन्हा गेलो. मधल्या काळात तेथील गुरुजींनी पर्जन्यमापक मिळविला होता आणि वही सुरू केली होती. ती मुलगी आता सातवीत आहे. तिने वही उघडून दाखविली. जूनच्या शेवटच्या आठवड्यासमोर सलग सात दिवस तिने एकच शब्द लिहिला होता, आणि तो आमच्या कचेरीतलाच होता : ‘निरंक’. मी विचारले, आजचे माप मी घेऊ का? तिने घड्याळाकडे पाहिले.

“साहेब,” ती म्हणाली, “साडेआठला यायला पाहिजे होतं.”