पिंजऱ्यातला कामगार

(वागळे इस्टेट, ठाणे येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय पत्रिकेत वाचून काही ज्येष्ठ मंडळी नाराज झाली, असं मघाशी चहाच्या वेळी कळलं. ज्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर, अर्थसंकल्पावर आणि मधुमेहावर व्याख्यानं होतात, तिथे टीव्हीवरच्या मारामारीवर काय बोलायचं? नाराजी रास्त आहे. पण आज मागच्या रांगांमध्ये जी पोरं बसली आहेत, त्यांच्या मोबाइलवर रात्री उशिरापर्यंत हाच विषय चालू असतो. घराघरात जे चाललंय त्यावर सभेत बोलायला हरकत नसावी. आणि मी मारामारीवर थोडं आणि मजुरीवर जास्त बोलणार आहे. मजुरी हा तर वागळे इस्टेटचा घरचा विषय.

आधी खेळ काय आहे ते थोडक्यात सांगतो. मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए. यात बॉक्सिंग, कुस्ती, ज्युडो, मुए थाई, ब्राझिलियन जुजुत्सू सगळं चालतं. आठ बाजूंचा जाळीचा पिंजरा, बोटं मोकळी ठेवणारे पातळ हातमोजे, पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. अजिंक्यपदाची लढत असली तर पाच. समोरच्याला ठोसे मारून आडवा करा, गळा आवळून किंवा सांधा पिळून शरण आणा, नाहीतर पंच गुणांवर निकाल देतात. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला यूएफसी या कंपनीने पहिल्या लढती भरवल्या तेव्हा वजनगटसुद्धा नव्हते. जॉन मॅकेन या सिनेटरने त्याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि राज्याराज्यांत बंदी आली. पुढे न्यू जर्सीत नियम बांधले गेले आणि खेळाला हळूहळू मान्यता मिळाली. मान्यता मिळाली तरी पैसा मिळेना. २००१ मध्ये लास वेगासच्या फर्टिटा बंधूंनी ही कंपनी २० लाख डॉलरला घेतली आणि चार वर्षांत तिच्यापायी कोट्यवधी डॉलर घालवले.

मग त्यांनी शेवटचा डाव टाकला. चित्रीकरणाचा खर्च स्वतः उचलून एक टीव्ही मालिका काढली, 'द अल्टिमेट फायटर'. जानेवारी २००५ मध्ये ती सुरू झाली. सोळा होतकरू लढवय्ये एका बंगल्यात, त्यांचे दोन संघ, संघांना रँडी कुटूर आणि चक लिडेल हे नामवंत प्रशिक्षक. हरेल तो बाहेर, शेवटी उरेल त्याला कंपनीचा करार. ९ एप्रिल २००५ ला अंतिम लढतीत फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बॉनर पंधरा मिनिटं एकमेकांना असे भिडले की निकाल ग्रिफिनच्या बाजूने लागूनही करार दोघांना द्यावा लागला. बुडती कंपनी त्या रात्री तरली असं सगळेच मानतात. २०१६ मध्ये तीच कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरला विकली गेली.

या मालिकेतलं एक दृश्य मात्र आपण जवळून पाहायला हवं. पोरं बंगल्यात आली, सराव सुरू झाला आणि मग त्यांना कळलं की मालिकेत लढायचं आहे आणि त्या लढतींचं वेगळं मानधन नाही. कुजबुज सुरू झाली. फुकट का मार खायचा, हा साधा प्रश्न होता. तेव्हा कंपनीचे प्रमुख डेना व्हाइट यांनी सगळ्यांना जिममध्ये उभं केलं आणि शिव्यांची लाखोली वाहत विचारलं, की तुम्हाला फायटर व्हायचंय की नाही? पोरं मान खाली घालून ऐकत राहिली. ते भाषण पुढे फार गाजलं, प्रेरणादायी म्हणून त्याच्या चित्रफिती फिरल्या. लढत निकाली करणाऱ्याला ५ हजार डॉलरचं बक्षीसही नंतर जाहीर झालं. ज्यांनी या इस्टेटीत गेटमीटिंगा केल्या आहेत त्यांना हा प्रसंग ओळखता येईल. मागणी मजुरीची होती, उत्तर मर्दानगीचं मिळालं.

त्या बंगल्यात आणखी एक व्यवस्था होती. टीव्ही नाही, फोन नाही, मासिकं नाहीत, गाणी नाहीत. दारू मात्र हवी तेवढी. आठवड्यामागून आठवडे तरण्या पोरांना असं कोंडून ठेवलं, वर ज्याच्याशी उद्या लढायचं त्याच्याच शेजारच्या खाटेवर झोपवलं, की भांडणं होणारच. कॅमेरे भिंतीभिंतीवर लावलेलेच होते. लढत पंधरा मिनिटांची असते. बाकीचा वेळ भरायला भांडण लागतं, अश्रू लागतात, घरची गरिबी लागते. अशा मालिकेत पोराचा ठोसा जेवढा विकला जातो, त्याहून जास्त त्याची कहाणी विकली जाते. ठोशाचे पैसे कधीमधी मिळतात. कहाणीचे कोणी देत नाही.

आता आपल्याकडे येऊ. वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये एके काळी दारासिंग आणि किंगकाँगची फ्रीस्टाइल बघायला मुंबई लोटायची. या सभागृहातही ती पाहिलेले कोणी असतील. २०१४ मध्ये त्याच जागी प्रो कबड्डी सुरू झाली. २०१८ मध्ये तिथेच माइक टायसनला पाहुणा म्हणून आणून 'कुमिते १' ही एमएमएची लीग झाली. त्याआधी मार्च २०१२ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी 'सुपर फाइट लीग' आणली होती. तिच्या पहिल्या रात्रीची मुख्य लढत होती बॉब सॅप आणि जेम्स थॉम्पसन या दोन परदेशी धिप्पाडांची, आणि ती दोनेक मिनिटांत आटोपली. लोकांना रोषणाई लक्षात राहिली. पण त्याच लीगमधून आपली काही पोरं घडली, हेही खरं.

त्यांतलं मुंबईचं नाव भरत खंडारे. मुळात कुस्तीगीर. मातीतून मॅटवर, मॅटवरून पिंजऱ्यात गेले. २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये ते यूएफसीत उतरले. भारतातून तिथवर पोचलेले ते पहिले लढवय्ये. समोर सोंग यादोंग हा चिनी पोरगा, विशीही न ओलांडलेला. पहिल्याच फेरीत त्याने मान काखेत धरून गळा आवळला आणि लढत संपली. यूएफसीतली खंडारे यांची ती एकमेव लढत. इतकी वर्षं घाम गाळून त्या मोठ्या दारातून आत जायचं आणि पाच मिनिटांच्या आत बाहेर यायचं, असाही हा धंदा आहे.

तेच खंडारे २०२३ च्या फेब्रुवारीत 'कुमिते १ वॉरियर हंट' या मालिकेत पवन मान यांच्यासह प्रशिक्षक म्हणून दिसले. एमएक्स प्लेअरवरची मालिका, सूत्रधार सुनील शेट्टी, स्पर्धक सोळा. आठ मुलगे, आठ मुली. अमेरिकी साचा भारतात आला तो असा. मुली निम्म्या होत्या ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. त्याआधी उत्तराखंडच्या अंशुल जुबलीने 'रोड टू यूएफसी' ही बाद फेऱ्यांची स्पर्धा जिंकून करार मिळवला. नागोयाच्या आशियाई खेळांतही एमएमएला पदकं ठेवली आहेत. तेव्हा हे थेर चार दिवसांचं आहे, असं समजून कोणी बसू नये. किसननगरपासून लोकमान्यनगरपर्यंत जिममध्ये बॅगेवर ठोसे मारणारी पोरं वेडी नाहीत. रस्ता खरा आहे, फक्त अरुंद आहे.

आपल्याला कुस्तीचा अभिमान आहे, म्हणून तिच्याशी ताडून पाहू. जत्रेच्या फडात रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते. पंचमंडळी जोड लावतात, हलगी कडाडते आणि इनामाचा आकडा कुस्तीआधी लाउडस्पीकरवरून पुकारला जातो. गावातल्या म्हातारीलाही माहीत असतं, की शेवटची कुस्ती किती हजारांवर आहे. बरोबरीत सुटली तर काय, तेही चारचौघांत ठरतं. टीव्हीच्या करारात आकडा गुप्त ठेवण्याचं कलम असतं. दोन पोरं शेजारी उभी राहून लढतात आणि एकमेकांना काय मिळतं हे त्यांना माहीत नसतं. ज्या कामगारांना शेजारच्याचा पगार कळत नाही त्यांची युनियन होत नाही, हे इथे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण कुस्तीचे गोडवे गाऊन हात झटकू नका. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना दारोदार पैसे मागावे लागले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणाऱ्या या माणसाला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. खुराक परवडत नाही म्हणून तालीम सुटलेले पैलवान आजही गावोगाव आहेत. मग टीव्हीवाला दोन महिने पोटभर खायला घालतो, चेहरा देशभर दाखवतो, तर पोरगं त्याच्याकडे जाणारच. त्याला नावं ठेवण्याआधी आपण त्याला काय दिलं ते विचारायला हवं.

आता शरीराकडे या. लढतीच्या आदल्या दिवशी वजन होतं. सत्तर किलोच्या गटात लढणारा पोरगा एरवी सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलोंचा असतो. शेवटच्या दिवसांत तो मीठ तोडतो, मग पाणी तोडतो. अंगावर प्लॅस्टिकचा सूट चढवून धावतो, कढत पाण्याच्या टबात बसतो, बाटलीत थुंकत राहतो. ओठ फुटतात, डोळे आत जातात, उठताना भोवळ येते. काट्यावर उभा राहून खाली उतरला की चोवीस तासांत तेच वजन पुन्हा भरतो. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा एकवीस वर्षांचा चिनी लढवय्या मनिलामध्ये असंच वजन उतरवताना दगावला. पिंजऱ्यात पाऊल टाकण्याआधीच. त्यानंतर ती लढत भरवणाऱ्या 'वन चॅम्पियनशिप' कंपनीने पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी घातली. एक पोर गेल्यावर नियम आला. कारखान्यांतले सुरक्षेचे नियमही असेच आले होते.

डोक्याचं तर विचारूच नका. ठोसा लागून शुद्ध हरपली की मेंदूला सावरायला काही आठवडे लागतात. जिथे नियामक मंडळं आहेत तिथे अशा लढवय्याला महिना-दोन महिने सक्तीने बाहेर बसवतात. आपल्या गल्लीतल्या जिममध्ये पोरगं सोमवारी सरावात पडतं आणि बुधवारी पुन्हा हेल्मेट चढवून उभं राहतं, कारण निवड चाचणी शनिवारी असते.

वागळे इस्टेटच्या लोकांपुढेच हे मांडावं असं मला का वाटलं, ते आता सांगतो. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने ही वसाहत वसवली. इथे यंत्रावर बोट गेलेली माणसं आहेत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक बोटाचा हिशेब होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरायचं. त्या हिशेबात माणुसकी नव्हती असं कोणी म्हणेल, पण हिशेब तरी होता. राज्य कामगार विम्याचं हॉस्पिटल इथे उभं राहिलं ते त्याच विचारातून. कारखाने गेले, इथे आज पासपोर्टची रांग लागते, काचेच्या इमारती आल्या. त्याच घरांतला नातू पिंजऱ्यात उतरतो तेव्हा कागदावर तो कामगार नसतो, 'स्वतंत्र कंत्राटदार' असतो. त्याच्या अंगठ्याची, गुडघ्याची, मेंदूची नोंद कुठल्याच परिशिष्टात नाही.

अमेरिकेत लढवय्यांनी यावर कोर्ट गाठलं. डिसेंबर २०१४ मध्ये यूएफसीविरुद्ध मक्तेदारीचा खटला दाखल झाला. त्यात बाहेर आलं की कंपनीच्या उत्पन्नातला लढवय्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. तिकडच्या बास्केटबॉलपटूंना जवळपास निम्मा मिळतो. आधीची तडजोड अपुरी म्हणून न्यायाधीशांनी फेटाळली आणि २०२५ मध्ये ३७ कोटी ५० लाख डॉलरवर प्रकरण मिटलं. दहा वर्षं लागली, पण प्रेरणादायी भाषणाला वकिलाने उत्तर दिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. एमएमए हा खेळ आहे, त्याला गुंडगिरी म्हणू नका. आणि त्यावरची टीव्ही मालिका हे कामाचं ठिकाण आहे, तिला लॉटरी समजू नका. कामाच्या ठिकाणी जे प्रश्न विचारतात ते तिथेही विचारले पाहिजेत.

म्हणून मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना विनंती करतो. करारावर त्याच दिवशी, कॅमेऱ्यासमोर सही करू नका. कागद घरी आणा, वकिलाकडून मराठीत समजून घ्या. हरलो तरी किती मिळणार, ते आकड्यात लिहून मागा. जखमेचा खर्च कोण करणार आणि मालिका संपल्यावर किती महिने करणार, ते विचारा. किती वर्षं दुसरीकडे लढता येणार नाही, आणि तुमच्या घराचं, आईचं चित्रीकरण ते कुठवर वापरणार, तेही वाचा. वजन उतरवताना डॉक्टर हजर नसेल तर उतरवू नका. शुद्ध हरपली असेल तर डॉक्टरने लेखी सांगितल्याशिवाय सरावाला उभं राहू नका. इथल्या जुन्या कामगार कार्यकर्त्यांनाही सांगणं आहे. तुम्ही निवृत्त झालात, पण करार वाचायची तुमची नजर निवृत्त झालेली नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ जवळच्या जिमला द्या. पोरांना जोर-बैठका शिकवणारे खूप आहेत, बारीक अक्षरांतली कलमं वाचायला शिकवणारा कोणी नाही. ते काम तुम्हीच करू शकता.