आरोग्याच्या बैठकीत सगळ्यांचा आवाज

गावच्या आरोग्य केंद्राचा कारभार बरा चाललाय की नाही, हे ठरवायचं कोणी? डॉक्टर म्हणतील, औषधं वेळेवर आली. बाळंतीण म्हणेल, रात्री गाडीच मिळाली नाही. आशाताई म्हणेल, पाड्यावर जायला रस्ता नाही. तिघांचंही म्हणणं खरं असतं. म्हणूनच नियोजन करताना तिघांचंही ऐकून घ्यायला हवं.

महाराष्ट्रात याची रीतसर सुरुवात झाली २००७ साली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत 'लोकाधारित देखरेख' हा उपक्रम सुरू झाला. पुण्याच्या 'साथी' संस्थेने राज्यपातळीवर समन्वय केला. गावकरी एकत्र बसून तक्त्यावर एकेका आरोग्यसेवेला रंग देत: चांगली असेल तर हिरवा, बेताची असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. लिहितावाचता न येणाऱ्यालाही हा तक्ता समजे. पुढे जनसुनवाईत लोक आपले अनुभव सर्वांसमोर मांडत आणि अधिकारी तिथेच उत्तर देत. कर्मचाऱ्यांच्या रिकाम्या पदांसारख्या अडचणीही अशा चर्चेतूनच लोकांना कळतात.

तुमच्या गावातही ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती असते. तिच्या पुढच्या बैठकीला अवश्य जा. आणि जाताना वस्तीवरच्या, एरवी गप्प राहणाऱ्या एका तरी बाईला सोबत घेऊन जा. तिचं म्हणणं नोंदवहीत उतरलं पाहिजे.